रुगर १०/२२ : आधी स्क्रू, मग काडतूस, मग दुर्बीण

नवी .२२ रायफल घेतलेला माणूस पहिला प्रश्न हमखास दुर्बिणीचा विचारतो: कोणती घ्यावी, किती पटींची घ्यावी, तिच्यात किती पैसे घालावेत. प्रश्न रास्त आहे, पण तो तिसऱ्या क्रमांकाचा आहे. रायफलचे स्क्रू सारख्या ताणाने आवळलेले नसतील आणि तिच्या नळीला मानवणारे काडतूस सापडलेले नसेल, तर चांगल्यातली चांगली दुर्बीण बसवूनही गोळ्या विखुरलेल्याच राहतात, आणि मग दोष नसताना संशय दुर्बिणीवर जातो. मी स्वतः न्यू जर्सीत राहून बरीच वर्षे .२२ ने कागदावर नेमबाजी करतो आहे, आणि या चुकीत पहिले दोन हंगाम घालवले आहेत. त्यामुळे पुढचा सगळा लेख मी ज्या क्रमाने काम करायला शिकलो त्याच क्रमाने लिहिला आहे.

उदाहरणासाठी रुगर या अमेरिकी कंपनीची १०/२२ घेतली आहे, कारण १९६४ पासून बाजारात असलेली ही अर्धस्वयंचलित रायफल अमेरिकेत जवळजवळ प्रत्येक रेंजवर दिसते आणि तिचे सुटे भाग सहज मिळतात. तिचा रिसीव्हर (बोल्ट आणि चापाचे भाग सामावणारा सांगाडा) ॲल्युमिनियमचा आहे, मॅगझिन दहा गोळ्यांचे, फिरत्या रचनेचे आणि दस्त्याच्या (रायफल धरायच्या व खांद्याला लावायच्या भागाच्या) पोटात पूर्ण बुडणारे आहे, आणि नळी रिसीव्हरमध्ये आट्यांनी न बसवता इंग्रजी व्ही आकाराच्या एका ठोकळ्याने व दोन स्क्रूंनी ओढून धरलेली आहे. या तिन्ही गोष्टींचा पुढे वारंवार संबंध येणार आहे.

कायद्याची बाजू

अमेरिकेतल्या मराठी वाचकांसाठी हा परिच्छेद टाळता येण्यासारखा नाही. एच-१बी, एल-१, एफ-१ किंवा त्यांच्या कुटुंबीयांच्या अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगण्यास संघराज्याच्या कायद्याने सर्वसाधारण मनाई आहे. काही अपवाद आहेत, त्यांतला सर्वांत परिचित अपवाद म्हणजे एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. ही मनाई केवळ विकत घेण्यापुरती नाही. मित्राची रायफल रेंजवर हातात घेणे किंवा रेंजवरून भाड्याने घेणे हेसुद्धा तिच्या कक्षेत येऊ शकते. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. त्यावर पुन्हा राज्यांचे नियम वेगळे आहेत: न्यू जर्सीत रायफल विकत घेण्याआधी पोलिसांकडून खरेदीदाराचे ओळखपत्र काढावे लागते आणि मॅगझिनमध्ये दहापेक्षा अधिक गोळ्यांना परवानगी नाही. १०/२२ चे मूळ मॅगझिन दहाचेच असल्याने तिथे अडचण येत नाही. व्हिसाच्या बाबतीत शंका असेल तर मित्रांच्या अनुभवावर विसंबू नये, वकिलाला विचारावे.

रायफल रिकामी आहे, याची खात्री

पुढचे प्रत्येक काम रिकाम्या रायफलवरच करायचे आहे. आधी मॅगझिन काढावे, मग बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा सरकता भाग) मागे ओढून अडकवावा, मग डोळ्यांनी आणि करंगळीच्या टोकाने चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा) तपासावे. हा क्रम उलटा करू नये. मॅगझिन आत असताना बोल्ट मागेपुढे केला तर पुढची गोळी आपोआप चेंबरमध्ये जाते. १०/२२ चे मॅगझिन बाहेर डोकावत नसल्याने ते आत आहे की नाही हे दुरून कळत नाही, म्हणून या रायफलबाबत मी हा क्रम तोंडाने म्हणत पाळतो. चेंबरमध्ये रंगीत प्लॅस्टिकची पट्टी घालून ठेवावी आणि काम चाललेल्या टेबलावर काडतुसे मुळीच ठेवू नयेत.

दस्ता, नळी आणि त्यांचे स्क्रू

१०/२२ दस्त्यात एकाच मुख्य स्क्रूने धरलेली असते. तो मॅगझिनच्या खाचेच्या पुढे, दस्त्याच्या खालच्या बाजूला असतो. साध्या कार्बाइन (आखूड नळीच्या) नमुन्यात नळीच्या पुढच्या भागावर एक पट्टाही असतो, जो नळी आणि दस्ता एकत्र आवळतो. हा पट्टा कमी-जास्त आवळला गेला की नळीवरचा दाब बदलतो आणि गोळ्यांचा समूह कागदावर सरकतो. रायफल साफ करून परत जोडल्यावर झिरो (ठरावीक अंतरावर नेम आणि गोळी एकाच बिंदूवर येण्याची जुळणी) हलला, अशी तक्रार बहुतेक वेळा इथून सुरू होते.

उपाय सोपा आहे: इंच-पौंडात मोजणारा टॉर्क पाना घ्यावा. दुर्बिणीवर शंभर डॉलर अधिक घालण्यापेक्षा पन्नास-साठ डॉलरचा हा पाना कितीतरी उपयोगी पडतो, असे माझे ठाम मत आहे. मुख्य स्क्रू बहुतेक नेमबाज १५ ते २० इंच-पौंड या दरम्यान ठेवतात. नेमका आकडा तुमच्या दस्त्यावर ठरतो, आणि तो शोधण्याची रीत अशी: एकाच डब्यातली काडतुसे घेऊन १२, १५, १८ आणि २० या प्रत्येक ताणावर पाच-पाच गोळ्यांचे दोन समूह मारावेत आणि ज्या ताणावर समूह सातत्याने लहान येतो तो वहीत लिहून ठेवावा. पुढे कधीही दस्ता काढला तरी याच आकड्यावर परत आवळायचे. लाकडी दस्ता असेल तर पावसाळी दमट हवेत आणि हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत लाकूड फुगते-आकसते, म्हणून ऋतू बदलला की एकदा ताण तपासावा.

नळी धरणारा व्ही ठोकळा दस्ता काढल्यावरच दिसतो. त्याचे दोन्ही स्क्रू एकदम न आवळता आळीपाळीने, थोडे-थोडे आणि सारखे आवळावेत. एक स्क्रू आधी पूर्ण ओढला तर नळी किंचित तिरकी बसते. कार्बाइनची हलकी नळी दस्त्यापासून पूर्ण मोकळी करण्याचा मोह अनेकांना होतो. जड नळीला मोकळे राहणे मानवते, पण हलकी नळी या ठोकळ्याच्या ओढीने खाली झुकू शकते, आणि अशा वेळी दस्त्याच्या टोकाचा थोडा आधारच तिला स्थिर ठेवतो. म्हणून आधी आहे त्या स्थितीत नेम मारून पाहावा. सुधारणा नंतर कराव्यात, आणि एका वेळी एकच.

चाप

कारखान्यातून आलेला चाप साधारण ५ ते ७ पौंड ओढीचा आणि थोडा खरखरीत असतो. रायफल स्वतः साधारण पाच पौंडांची असते. त्यामुळे आपल्या वजनाइतका किंवा त्याहून जड चाप ओढताना तिची नळी हलतेच. रुगरचाच बीएक्स नावाचा तयार संच अडीच ते तीन पौंडांचा आहे आणि तो दोन पिना काढून सहज बदलता येतो. घरी कानस घेऊन आतले पोलादी टप्पे घासण्याचा उद्योग मात्र कुणीही करू नये. तो टप्पा चुकला तर धक्का बसताच रायफल आपोआप सुटू शकते. स्पर्धेत उतरायचे असेल तर आधी नियम वाचावेत: सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम या अमेरिकी नेमबाजी संस्थेच्या रिमफायर स्पोर्टर स्पर्धेत चापाने तीन पौंडांचे वजन पेलले पाहिजे, त्यामुळे फार हलका चाप तिथे बाद ठरतो. १०/२२ रिकामी असताना चाप ओढण्याचा सराव करता येतो, आणि संध्याकाळी घरी दहा मिनिटे केलेला हा सराव नवा चाप घेण्याइतकाच फळतो.

काडतूस शोधणे

सगळ्यांत अधिक वेळ इथे द्यावा. .२२ लाँग रायफलची ठिणगीची दारू काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेली असते (म्हणून याला रिमफायर म्हणतात), गोळी बहुधा ४० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचे लहान माप) साध्या शिशाची असते आणि तिच्यावर मेणाचा किंवा वंगणाचा थर असतो. हे काडतूस घरी पुन्हा भरता येत नाही, त्यामुळे कारखान्याने जे भरले त्यातूनच निवड करावी लागते, आणि दोन रायफली एकाच नमुन्याच्या असल्या तरी त्यांची आवड वेगळी निघते. माझ्या रायफलला आवडणारे काडतूस माझ्या शेजाऱ्याच्या रायफलमधून दीडपट विखुरते. दोन्ही रायफली एकाच वर्षातल्या आहेत.

वेगाचा भाग समजून घेतला तर निवड सोपी होते. वीस अंश सेल्सिअस तापमानाला आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ११२५ फूट असतो. साधारण वेगाचे काडतूस, उदाहरणार्थ सीसीआय स्टँडर्ड, सुमारे १०७० फुटांनी निघते, म्हणजे ते सुरुवातीपासून आवाजाच्या खाली राहते. सीसीआय मिनी-मॅगसारखे वेगवान काडतूस सुमारे १२३५ फुटांनी निघून वाटेत आवाजाची सीमा ओलांडून खाली येते, आणि त्या पट्ट्यात हवेचा अडथळा झपाट्याने वाढलेला असतो. याचा परिणाम ऐकणाऱ्याला उलटा वाटतो: आडव्या वाऱ्यात वेगवान गोळी साधारण वेगाच्या गोळीपेक्षा अधिक सरकते. कागदावरच्या नेमबाजीसाठी म्हणून मी साधारण वेगाचीच शिफारस करतो.

एक अडचण मात्र आहे. अर्धस्वयंचलित रायफलचा बोल्ट काडतुसाच्याच जोराने मागे जातो, आणि नव्या, घट्ट स्प्रिंगच्या रायफलमध्ये साधारण वेगाची काडतुसे कधी कधी बोल्ट पूर्ण मागे ढकलत नाहीत. पहिल्या तीन-चारशे गोळ्या मिनी-मॅगसारख्या जोरकस काडतुसांच्या माराव्यात, रिसीव्हर आतून पुसून हलके तेल द्यावे. बहुतेक रायफली त्यानंतर साधारण वेगावर नीट चालू लागतात. नळी बदलून घट्ट चेंबरची घेतली असेल तर सीसीआय स्टिंगरसारखी लांब कवचाची काडतुसे त्यात वापरू नयेत.

चाचणी अशी करावी. पाच-सहा प्रकारांचे पन्नास-पन्नासचे डबे आणावेत, रायफल पुढे-मागे वाळूच्या पिशव्यांवर टेकवावी, लक्ष्य ५० यार्डांवर लावावे. प्रकार बदलला की पहिल्या दहा गोळ्या मोजू नयेत, कारण नळीत आधीच्या वंगणाचा थर असतो. त्यानंतर पाच-पाच गोळ्यांचे पाच समूह मारावेत आणि पाचांची सरासरी काढावी. सर्वांत लहान समूहाचा फोटो मित्रांना पाठवायला चांगला असतो, पण निर्णय सरासरीवरच घ्यावा. माझ्या कारखानी नळीच्या रायफलमधून स्वस्त सुट्या काडतुसांचा समूह दीड-दोन इंचांचा येतो आणि मानवलेल्या काडतुसाचा एक इंचाच्या आत-बाहेर. तीच रायफल, तोच दिवस, तीच दुर्बीण. आवडता प्रकार सापडला की डब्यावरचा लॉट (एकत्र बनलेल्या मालाचा) क्रमांक पाहून त्याच लॉटचे जमतील तितके डबे घेऊन ठेवावेत.

चाचणीत आणखी एक गोष्ट सांभाळावी. पहिली गोळी हाताने चेंबरमध्ये घालताना बोल्ट हळूच सोडण्याची सवय अनेकांना असते. पुढच्या गोळ्या बोल्टच्या पूर्ण झटक्याने बसतात, त्यामुळे पहिली गोळी वेगळी बसते आणि समूहाबाहेर पडते. बोल्ट मागे ओढून पूर्ण सोडून द्यावा, त्याला हाताने आवरू नये.

दुर्बीण निवडताना

आता तिसरा प्रश्न. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून) कांस्यपदक मिळवले ते .२२ च्याच काडतुसाने, आणि त्या प्रकारात दुर्बीण चालत नाही. बारीक छिद्राच्या साइटमधून १०.४ मिलिमीटर व्यासाच्या दहाच्या वर्तुळावर नेम धरावा लागतो. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनच्या (झोपून मारण्याच्या प्रकाराच्या) विश्वविजेत्या झाल्या त्याही अशाच साइटने. हे सांगण्याचे कारण इतकेच की लक्ष्य मोठे दिसणे ही दुर्बिणीची मुख्य देणगी नाही. फुली (दुर्बिणीतली नेमाची खूण) आणि लक्ष्य एकाच प्रतलात स्पष्ट दिसणे ही तिची खरी देणगी आहे, आणि पंचेचाळिशीनंतर जवळचे धूसर दिसू लागलेल्या डोळ्यांना ती फार मोलाची वाटते.

पहिली निवड अंतरावरून करावी. २५ ते ५० यार्डांच्या कागदासाठी २ ते ७ किंवा ३ ते ९ पटींची दुर्बीण पुरेशी आहे. ॲपलसीड या अमेरिकेतल्या नेमबाजी प्रशिक्षणाच्या शिबिरात २५ मीटरवर, रायफलचा खांद्यावरचा पट्टा हाताला गुंडाळून, उभे-बसून-झोपून मारायचे असते. तिथे ३ ते ४ पटींच्या वर गेल्यास फुली इतकी थरथरताना दिसते की मनच अस्थिर होते. रिमफायर स्पोर्टरच्या दुर्बीण वर्गात मुळातच ६ पटींची मर्यादा आहे. शंभर यार्डांपर्यंत लहान पोलादी लक्ष्ये असलेल्या एनआरएल२२ सारख्या स्पर्धांसाठी मात्र १२ ते १८ पट, हाताने फिरवता येणारे बुरूज (नेम वर-खाली, डावी-उजवीकडे हलवण्याच्या चकत्या) आणि खूणरेषांची फुली लागते.

दुसरी निवड पॅरलॅक्सवरून करावी, आणि .२२ च्या बाबतीत ही पटींपेक्षाही महत्त्वाची आहे. डोळा दुर्बिणीच्या मध्यरेषेवरून जरा बाजूला गेला की फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते. दुर्बीण ज्या अंतरासाठी जुळवलेली असते तिथेच फक्त हा दोष नसतो. मोठ्या काडतुसांच्या दुर्बिणी १०० यार्डांना किंवा त्याहून पुढे जुळवलेल्या असतात, रिमफायरच्या दुर्बिणी ५० ते ७५ यार्डांच्या आसपास. चूक किती होऊ शकते याचा हिशेब सोपा आहे: पुढच्या भिंगाची निम्मी रुंदी घ्यावी आणि तिला अंतरांतला फरक भागिले जुळवलेले अंतर याने गुणावे. ४० मिलिमीटर भिंगाची, १०० यार्डांना जुळवलेली दुर्बीण ५० यार्डांवर वापरली तर सर्वाधिक चूक २० गुणिले ५० भागिले १००, म्हणजे १० मिलिमीटर. २५ यार्डांवर तीच १५ मिलिमीटर. .२२ ची गोळी स्वतः जेमतेम ५.७ मिलिमीटर रुंद असते. डोळा अगदी कडेला गेला तरच एवढी चूक होते हे खरे, पण निम्मी चूकही कागदावर स्पष्ट दिसते. म्हणून ५० यार्डांना जुळवलेली किंवा पुढचे भिंग अथवा बाजूची चकती फिरवून अंतर बदलता येणारी दुर्बीण घ्यावी. मोठ्या रायफलची जुनी दुर्बीण घरात पडून असेल तर ती वापरून पाहण्यास हरकत नाही, मात्र गाल दर वेळी दस्त्यावर नेमका तिथेच टेकवण्याची शिस्त अधिक लागेल.

फुलीबद्दल थोडेसे. फुली दुर्बिणीच्या आत दोनपैकी एका जागी, म्हणजे पहिल्या किंवा दुसऱ्या प्रतलात, बसवलेली असते. दुसऱ्या प्रतलातली फुली पट बदलली तरी तेवढीच दिसते आणि कमी पटींवरही ठळक राहते. पहिल्या प्रतलातली पटींबरोबर लहान-मोठी होते आणि तीन पटींवर फार बारीक होते. कागदासाठी मला दुसरे प्रतल आवडते. ज्या फुलीवर गोळीच्या घसरणीच्या खुणा छापलेल्या असतात त्या खुणा एका ठरावीक वेगाच्या काडतुसाला आणि, दुसऱ्या प्रतलात, एका ठरावीक पटीलाच लागू पडतात, हे घेण्याआधी पाहावे. भिंगाच्या रुंदीला पटींनी भागले की डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशवर्तुळाची रुंदी मिळते: ४० मिलिमीटरला ४ पटींवर १० मिलिमीटर, ९ पटींवर साडेचारच्या आत. संध्याकाळच्या उजेडात पट कमी केल्यावर बरे दिसते ते यामुळे. ५० मिलिमीटरचे भिंग या रायफलला उगाच उंच आणि जड करते.

रेड डॉट (लक्ष्य मोठे न करता काचेवर प्रकाशाचा ठिपका दाखवणारी साइट) हा वेगळा मार्ग आहे. जवळच्या पोलादी पाट्यांवर वेगाने मारायचे असेल, दोन्ही डोळे उघडे ठेवायचे असतील, तर तोच उत्तम. २ एमओएचा (एमओए हे कोनाचे माप, हिशेब पुढे दिला आहे) ठिपका ५० यार्डांवर सुमारे एक इंच झाकतो, ६ एमओएचा तीन इंच. लहान वर्तुळांवर नेमके मारण्यासाठी तो म्हणून ठोकळ ठरतो. ज्यांच्या डोळ्यांत दृष्टिवैषम्य आहे त्यांना ठिपका फाटलेला किंवा शेपटी असलेला दिसतो. असे दिसले तर तो साइटचाच दोष असे लगेच समजू नये. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहावे, तिथे ठिपका गोल दिसला तर कारण डोळ्यात आहे. अशांनी काचेवर कोरलेल्या फुलीची प्रिझम दुर्बीण पाहावी.

बसवण्याची रीत

१०/२२ च्या रिसीव्हरवर दुर्बिणीच्या कड्या धरणाऱ्या पट्टीसाठी चार छिद्रे तयार असतात. छिद्रे आणि स्क्रू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेल काढावे, स्क्रूच्या आट्यांना निळ्या थ्रेड लॉकरचा एकच थेंब लावावा आणि पट्टीच्या निर्मात्याने सांगितलेल्या ताणावर आवळावे. सांगितलेले नसेल तर १५ इंच-पौंडांच्या वर जाऊ नये, कारण ॲल्युमिनियमच्या आट्या लवकर सोलपटतात. माझे पहिले दोन हंगाम इथेच गेले. मी पट्टी हाताच्या अंदाजाने आवळली होती, पुढचा एक स्क्रू दर शंभर गोळ्यांना किंचित सैल होत होता, आणि मी दोनदा दुर्बीण बदलली.

कड्या जितक्या खाली ठेवता येतील तितक्या ठेवाव्यात. ४० मिलिमीटर भिंगाला मध्यम उंचीची कडी बहुधा पुरते. कड्यांच्या खालच्या भागात दुर्बीण ठेवून वरचे भाग सैल बसवावेत. सर्वाधिक पट लावून डोळे मिटावेत, रायफल सहज खांद्याला लावावी, गाल टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. चित्राभोवती काळी सावली दिसली तर दुर्बीण पुढे-मागे सरकवावी, मान पुढे-मागे करू नये. चित्र वरच्या बाजूला कापलेले दिसत असेल तर दस्त्यावर गालाखाली उंचवटा लागेल. सुरुवातीला फोमचा तुकडा आणि चिकटपट्टी यांनी काम भागते.

फुली सरळ करण्यासाठी ओळंबा वापरावा. वीस-पंचवीस यार्डांवर दोरीला वजन बांधून टांगावे, रिसीव्हरच्या पट्टीवर छोटी पाणसळ ठेवून रायफल आडवी समपातळीत धरावी आणि फुलीची उभी रेघ दोरीशी जुळवावी. मग कड्यांचे स्क्रू आळीपाळीने, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत, १५ ते १८ इंच-पौंडांपर्यंत आवळावेत. कड्यांच्या स्क्रूंना थ्रेड लॉकर लावू नये. शेवटी डोळ्याकडची चकती आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे पाहत फिरवावी: एका क्षणात नजर टाकावी, फुली धूसर वाटली तर नजर काढून मग फिरवावे. सतत पाहत राहिल्यास डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि जुळणी चुकते.

झिरो करणे

हाताने बोल्ट चालवायच्या रायफलमध्ये बोल्ट काढून नळीतून लक्ष्य पाहता येते. १०/२२ चा रिसीव्हर मागून बंद असल्याने ही सोय नाही. म्हणून २५ यार्डांवर मोठा कोरा कागद लावून सुरुवात करावी. तीन गोळ्या माराव्यात, त्यांचा मध्य शोधावा आणि त्या मध्यापासून नेमबिंदूपर्यंतचे अंतर मोजावे.

क्लिकचे गणित असे: १ एमओए म्हणजे १०० यार्डांवर १.०४७ इंच, व्यवहारात एक इंच. पाव एमओएची एक क्लिक १०० यार्डांवर पाव इंच, ५० वर एक अष्टमांश आणि २५ वर एक षोडशांश इंच हलवते. म्हणजे २५ यार्डांवर दीड इंच खाली लागले तर २४ क्लिक वर. मिल या कोनाच्या दुसऱ्या मापाच्या दुर्बिणीत एक दशांश मिलची क्लिक १०० यार्डांवर ०.३६ इंच आणि ५० वर ०.१८ इंच हलवते. बुरुजावरचा बाण गोळी कुठे जाईल हे दाखवतो.

२५ वर मध्य साधला की ५० यार्डांवर जावे आणि आता दहा गोळ्यांचा समूह मारावा. तीन गोळ्यांवर झिरो करणे ही सर्वांत सार्वत्रिक चूक आहे; .२२ मध्ये तीन गोळ्यांचा मध्य सहज अर्धा इंच इकडे-तिकडे पडतो आणि माणूस योगायोगाच्या मागे क्लिक फिरवत राहतो. दहांचा मध्य मोजावा, एकदाच दुरुस्ती करावी, पुन्हा दहा माराव्यात.

दुर्बिणीच्या क्लिक खऱ्या आहेत का, हेही एकदा तपासावे. ५० यार्डांवर उंच कागदाच्या तळाशी नेम धरून पाच गोळ्या माराव्यात, मग २० एमओए वर क्लिक करून त्याच बिंदूवर नेम धरून पाच. दोन समूहांत साधारण साडेदहा इंच अंतर हवे. मग तितक्याच क्लिक खाली येऊन पुन्हा पाच माराव्यात. त्या पहिल्या समूहात पडल्या नाहीत तर दुर्बीण परत करण्याची मुदत संपायच्या आत परत करावी.

५० यार्डांचा झिरो मला सर्वांत सोयीचा वाटतो. दुर्बीण नळीच्या मध्यापासून दीड इंच वर आणि काडतूस साधारण वेगाचे धरले, तर २५ यार्डांवर गोळी सुमारे पाव इंच वर, १० यार्डांवर अर्धा इंच खाली आणि १०० यार्डांवर जवळपास ७ इंच खाली लागते. ताशी १० मैलांचा आडवा वारा हीच गोळी ५० यार्डांवर सुमारे एक इंच आणि १०० वर चार इंचांच्या आसपास सरकवतो. हे आकडे सुरुवातीचे धरावेत आणि आपल्या रायफलने खरे काय दाखवले ते कागदावर मारून वहीत उतरवावे. जानेवारीत उणे पाच अंशांवर आणि जुलैत पस्तीसवर मारलेल्या समूहांची उंची सारखी येत नाही, म्हणून प्रत्येक नोंदीपुढे तापमान लिहावे.

नंतरची देखभाल

नळी दर वेळी घासून काढू नये. शिशाची साधी गोळी नळी फारशी मळवत नाही आणि साफ केलेल्या नळीला पुन्हा स्थिर व्हायला वीस-तीस गोळ्या लागतात. चेंबरच्या पुढच्या कडेला साचणारे काजळीचे कडे मात्र नायलॉनच्या ब्रशने काढावे, कारण काडतूस पूर्ण न बसण्याचे ते नेहमीचे कारण आहे. रिसीव्हर मागून बंद असल्याने कडक सळई नळीच्या तोंडाकडून घालावी लागते आणि ते तोंड झिजण्याचा धोका असतो. त्यापेक्षा दोरीचा ओढ-ब्रश चेंबरकडून घालून तोंडाकडे ओढावा. काम झाल्यावर हात साबणाने आणि गार पाण्याने धुवावेत, कारण काजळीत शिसे असते, आणि रेंजवरचे कपडे लहान मुलांच्या कपड्यांबरोबर धुवू नयेत.

दर पाचशे गोळ्यांनंतर पट्टी, कड्या आणि मुख्य स्क्रू या तिन्हींचा ताण पान्याने तपासावा. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूपर्यंत नखपॉलिशची बारीक रेघ ओढून ठेवली, तर पाना न काढताही स्क्रू फिरला की नाही ते रेंजवर एका नजरेत दिसते.